नऊ वीत, चार बोटं

कन्हेरीत काही मोजायचं निघालं की लोक नागेशला बोलावत. दाराची चौकट, गोठ्यावरचा पत्रा, लग्नाच्या मांडवाची लांबी, काहीही. तो यायचा, उजवी बाही कोपरापर्यंत सारायचा आणि वीत टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. शेवटी उरलेली बोटं मोजून माप सांगायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. त्याच्या गाडीत टेप होती. पण टेपला झोल येतो, हाताला येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं आणि त्या मतापुढं गावातल्या दोन इंजिनियर झालेल्या पोरांनी हात टेकले होते. त्याची वीत नेमकी किती इंचांची, हे मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं कारणच नव्हतं. जिथं माप लागायचं तिथं तो स्वतः असायचा आणि हात त्याच्याबरोबर असायचा.

तो हात गेल्या मार्गशीर्षात गेला. बारामतीच्या मार्केट यार्डात कोथिंबिरीच्या जुड्या उतरवताना हातातून एक जुडी सुटली. उचलायला वाकला तर हात पुढं येईना आणि शेजारच्या हमालानं काय झालं म्हणून विचारलं तर तोंडातून शब्द येईना. दवाखान्यात पोचेपर्यंत उजवं अंग पडलं होतं आणि वाचा गेली होती. जीव वाचला. सोळा दिवसांनी घरी आणलं तेव्हा त्याच्याजवळ एकच शब्द शिल्लक होता, ‘हां’. चहा पाहिजे का, हां. चहा नको का, हां. दुखतंय का, हां. दुखत नाही ना, हां. चार दिवस गावातली माणसं येऊन असले प्रश्न विचारून गेली आणि बाहेर पडताना एकमेकांकडं बघून मान हलवत गेली. याला काही कळत नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं. आपल्याकडं माणसाबद्दलचे निकाल असे पटकन लागतात आणि त्यावर पुढं अपील चालत नाही.

त्याच्या बायकोनं, स्वरूपानंही तो निकाल मानला. ही गोष्ट खरं तर तिचीच आहे, आणि तिला बोल लावायचा झाला तर आधी तिचा दिवस बघावा. ती मूळची नरसिंहपूरची. विसाव्या वर्षी लग्न होऊन कन्हेरीत आली, आता बेचाळिशीला टेकली होती. अडीच एकर बागायत, त्यात कोथिंबीर, मेथी आणि टोमॅटो. एकुलती मुलगी मोना लग्न होऊन दौंडला गेलेली. घरात म्हातारी सासू शकुबाई. पहाटे उठून माळव्याला पाणी, मग नागेशचं हगणं-मुतणं, अंघोळ, भरवणं, परत रान, परत तो. आणि हे सगळं करताना तोंड चालू. पहिल्यापासून तिला बोलायला लागायचं. जुड्या बांधायला बसली की हातापेक्षा तोंड पुढं असायचं, आणि नागेश समोर बसून हूं हूं करत ऐकायचा. बावीस वर्षं त्यांचा संसार असाच चालला होता, एक बोलणारं आणि एक ऐकणारं, आणि दोघांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येईल, म्हणून त्याच्या मिटलेल्या हाताची बोटं रोज तेल लावून उघडत राहा. आणि त्याच्याशी बोलत राहा. पहिली गोष्ट स्वरूपानं व्रतासारखी पाळली. दुसरीत मात्र फरक झाला. ती त्याच्याशी बोलत नव्हती, त्याच्यासमोर बोलत होती. हा फरक तिच्या लक्षात आला नाही, आणि घरात दुसऱ्या कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यातून त्या घरात फोनची रेंज नव्हती. पडवीच्या एका कोपऱ्यातच काय त्या दोन काड्या यायच्या, आणि हवा खेळती म्हणून नागेशची कॉट त्याच कोपऱ्यात टाकलेली. त्यामुळं जगाशी जे काही बोलायचं ते स्वरूपा त्याच्या उशाशी बसून बोलायची. नरसिंहपूरच्या धाकट्या भावाला, संभाजीला, तिनं तिथूनच सांगितलं होतं, “संभा, माणूस गेला रं. नुसतं अंग मागं ठिवून गेला.” चैत्रात नागेशच्या पाठीला जखम झाली, चिघळली, वास यायला लागला, तेव्हा एका दुपारी तिनं मोनाला फोन लावला आणि रडत रडत म्हणाली, “त्या दिवशी यार्डातच संपलं असतं तर बरं झालं असतं गं. त्यांचंबी सुटलं असतं आन् माझंबी.” फोन ठेवला, नागेशच्या ओठांच्या कडेची लाळ पदरानं पुसली, उशी नीट केली आणि ती रानात गेली. तो आढ्याकडं बघत पडला होता.

नागेशची गाडी, म्हणजे माल वाहायची छोटी पिकअप, संभाजीकडं नरसिंहपूरला होती. उभी राहून सडण्यापेक्षा चालती बरी म्हणून तो ती चालवत होता. भादव्यात त्यानं गाडीच्या विम्याचा कागद मागितला. तो शोधताना स्वरूपाला पेटीच्या तळाशी शंभर पानी वही सापडली, आणि तिला आधीची दिवाळी आठवली.

त्या दिवाळीत नागेशला एका गोष्टीनं पछाडलं होतं. गाडीत टोमॅटोचे क्रेट आणि कोथिंबीर एकत्र नेता येत नव्हती. कोथिंबीर खाली घातली तर दबून काळी पडायची. क्रेटवर रचली तर जुड्यांचं पाणी टोमॅटोवर गळायचं आणि यार्डात पोचेपर्यंत मालाला डाग. म्हणून एका दिवसात दोन दोन खेपा. त्यावर त्यानं गाडीच्या हौद्यावर चौकोनी पाईपांचा एक मजलाच काढला होता. सहा पाय, हौद्याच्या फळ्यांच्या वरच्या कडेवर बसणारे. मजला मधोमध दोन बोटं खोल, म्हणजे वळणावर जुड्या घसरणार नाहीत. त्याखाली पत्र्याची पन्हळ, मागच्या अंगाला कलती, म्हणजे पाणी टोमॅटोवर न पडता मागं रस्त्यावर जाईल. केबिनच्या डोक्यावर तिरपी जाळी, वारा वरून काढून द्यायला. दोरीचे हूक आतल्या बाजूला, कारण बाहेर काढले तर कन्हेरीच्या रस्त्यावरच्या बाभळी त्यांना धरून ठेवतात. आणि सगळी मापं वितेत. लांबी नऊ वीत चार बोटं, रुंदी सहा वीत दोन बोटं, उंची पाच वीत. स्वरूपानं तेव्हा त्याची चेष्टा केली होती. “घराला माडी बांधली न्हाय ती गाडीला बांधताय व्हय?” तो पोट धरून हसला होता आणि त्यानं पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात ‘माडी’ असं लिहून ठेवलं होतं.

वही घेऊन ती पडवीत आली. दाखवायचं म्हणून नाही, सहज, हातात होती म्हणून तिनं ते पान त्याच्यासमोर धरलं. नागेशचा डावा हात उचलला गेला आणि पानावर येऊन बसला. त्याचं एक बोट त्या रेघांवरून फिरायला लागलं, पायांवरून, पन्हळीवरून. “हां,” तो म्हणाला. “हां, हां.”

नऊ महिन्यांत तो हात आपणहून कशाकडं गेला नव्हता. स्वरूपा उठून उभी राहिली, परत बसली, सासूला हाका मारल्या. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. ही माडी गाडीवर उभी राहिली आणि ह्यांनी ती डोळ्यांनी बघितली, की हे परत येतील. कुठून परत येतील ते तिला सांगता आलं नसतं. पण डॉक्टरांनी दिलेल्या वर्षातले तीन महिने उरले होते आणि तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. दसऱ्याला गाडीची पूजा असते. त्याच्या आत माडी चढली पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं.

अडचण एकच होती, वीत इंचांत आणायची. सकाळी तेल लावून झाल्यावर तिनं शेजारून टेप मागून आणली. सोपं काम होतं. नागेशचा डावा हात धडधाकट होता. पसरला असता तर झालं असतं. पण शकुबाई दारातूनच म्हणाली, “डावा नगं गं. नव्या वस्तूचं माप डाव्या हातानं घेत्यात का कुठं? दसऱ्याला पुजायची हाय ती.” स्वरूपाला ते पटलं. तिलाही डाव्या हातानं शुभाची सुरुवात करवली नसती. शिवाय उभ्या आयुष्यात नागेशनं मोजलं ते उजव्यानंच. आणि उजवा हात काही तसा मिटलेला राहिला नव्हता, असं ती धरून चालली होती. रोज सकाळी ती एकेक बोट सोडवायची आणि रोज तिला वाटायचं, काल होतं त्यापेक्षा आज जास्त उघडलं. मागच्याच आठवड्यात तिनं मोनाला कळवलं होतं की आता फार थोडं राहिलंय.

तिनं बोटं उघडली. अंगठा एका बाजूला ओढला, करंगळी दुसऱ्या बाजूला, आणि सासूला टेप धरायला लावली. नागेश चुळबुळ करायला लागला. “हां, हां, हां,” असं म्हणत त्यानं डावा हात मध्ये आणला, पंजा पसरला, टेपवर ठेवला. स्वरूपानं तो बाजूला केला. त्यानं परत आणला. शेवटी शकुबाईनं तो हात स्वतःच्या मांडीवर दाबून धरला. “आनंद झालाय लेकराला,” असं ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. टेपवर आठ इंच आले. स्वरूपानं वहीच्या त्याच पानावर लिहिलं, एक वीत बरोबर आठ इंच.

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर दीपकची वेल्डिंगची शेड आहे. दीपक नागेशचा जुना मित्र. त्याच्या शेडचे खांब नागेशच्याच वितेनं रोवलेले. स्वरूपा एसटीनं गेली, वही त्याच्यासमोर ठेवली. त्यानं चित्र बराच वेळ बघितलं, पन्हळीपाशी थांबला आणि ही गोष्ट मला सुचली नसती, असं मोकळेपणानं म्हणाला. मग म्हणाला, गाडी आणा, गाडीला टेप लावतो, अर्ध्या तासाचं काम आहे. गाडी नरसिंहपूरला, मालात अडकलेली, संभाजी आणणार ती दसऱ्यालाच. दीपक म्हणाला की या गाड्यांची मापं माहीत असतात, तीच धरू. पण नागेशच्या गाडीचा हौदा मूळचा नव्हता. जुना गंजल्यावर त्यानं मोडीतल्या एका गाडीचा आणून, कापून, जोडून बसवलेला. त्याचं माप त्या वहीत होतं, दुसरीकडं कुठंच नव्हतं. संभाजीला तिकडंच टेप लावायला सांगू, असं दीपक म्हणाला तर ह्यांचं माप असताना दुसऱ्याचं कशाला, म्हणून तिनं ते उडवून लावलं.

दीपकनं आठ इंचांचा आकडा बघितला आणि तो घुटमळला. “वहिनी, नागेशची वीत मोठी होती.”

“हाय,” स्वरूपा म्हणाली. “होती न्हाय. हाय.”

ह्यांनी मोजलंय त्यात सुताचा फरक करायचा नाही, एवढं बजावून ती निघाली. दीपकच्या मनात शंका राहिली. पण नागेशचं माप चुकलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि आजारी मित्राच्या बायकोसमोर त्याच्या मापाची उलटतपासणी करणं त्याला जमलं नाही. त्यानं नऊ विती चार बोटांचे इंच काढले आणि पाईप कापायला घेतले.

पुढचा महिना स्वरूपानं कसा काढला ते सांगायचं तर ती हसत होती. आठवड्याला एक फेरी दीपककडं व्हायची. आल्यावर पडवीत बसून ती सासूला, शेजारणींना, फोनवर मोनाला सगळं सांगायची. आज पाय उभे केले. आज पन्हळ बसली, तांब्याभर पाणी ओतून बघितलं, थेंबभर खाली गळलं नाही. नागेश कॉटवरून ऐकायचा. सुरुवातीला तो डावा हात उचलायचा, ‘हां, हां’ करायचा, उजव्या हातावर थापटायचा. बायका म्हणायच्या, बघा कसा हरखतोय. पुढं पुढं त्यानं हात उचलायचं सोडलं. दमला असेल, असं स्वरूपाला वाटलं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमाराला संभाजी गाडी घेऊन आला आणि पाठोपाठ दीपक टेंपोत माडी घालून आला. स्वरूपानं अंगण सारवलं होतं. नागेशची दाढी केली, धुतलेला पांढरा शर्ट घातला आणि त्याला खुर्चीत बसवून गाडीच्या अगदी जवळ आणून ठेवलं, हौद्याच्या फळीला हात लागेल इतका. गल्लीतले लोक जमले. लाल रंग दिलेली माडी उन्हात चांगली दिसत होती. स्वरूपा मात्र माडीकडं बघतच नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

चौघांनी माडी उचलली आणि हौद्यावर आणली. एका बाजूचे पाय फळीवर टेकवले तर दुसऱ्या बाजूचे हवेत राहिले. मधोमध धरली तर सहाच्या सहा पाय फळ्यांच्या आत आले आणि मोठ्या पातेल्यात लहान पातेलं बसावं तशी सगळी माडी हौद्यात खाली उतरली. पत्र्याचा आवाज झाला.

दीपकनं टेप काढली. रुंदीला सहा इंच कमी. लांबीला नऊ इंच कमी. त्यानं उभ्या उभ्या हिशेब केला. “एका वितेमागं एक इंच,” तो स्वतःशीच म्हणाला आणि मग त्याची नजर नागेशच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडं गेली. त्याला कळलं. त्यानं स्वरूपाकडं बघायचं टाळलं.

तेवढ्यात नागेशनं डावा हात उचलला. तो फळीच्या कडेवर ठेवला, अंगठा आणि करंगळी ताणून पंजा पूर्ण पसरला आणि तसाच धरून ठेवला. दीपकनं पुढं होऊन टेप लावली. नऊ इंच. नागेशनं तो हात उचलून आपल्या उजव्या हातावर दोनदा आपटला. मग स्वरूपाकडं बघितलं. त्या बघण्यात येड्यागबाळ्याचं काही नव्हतं. यार्डात कुणी वजनात मारलं तर नागेश जसा बघायचा तसा तो बघत होता.

अंगणात एकदम गलका झाला. “आक्का, दाजींना कळतंय गं,” संभाजी ओरडला आणि रडायलाच लागला. शकुबाईनं आपल्या लेकाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि साखर आणायला आत पळाली. म्हातारीला असं पळताना कुणी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. दीपकनं सांगितलं की यात घाबरायचं काही नाही, पाईपांना जोड देतो, परवा सकाळी माडी गाडीवर. बायका स्वरूपाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तुझ्या सेवेला फळ आलं, असं जो तो म्हणत होता. स्वरूपानं साखर घेतली, तोंडात टाकली, हसली. दहा महिने जे मागत होती ते तिला मिळालं होतं.

पण हसता हसता ती मनात हिशेब करत होती. हात उघडत नव्हता. रोज सकाळी ती स्वतःला फसवत होती आणि टेपनं तिला सगळ्यांसमोर पकडलं, हे दुःख होतंच. ते तिनं गिळलं असतं. पण माप घेताना हा माणूस तेच सांगत होता. डावा हात पुन्हा पुन्हा पुढं करून सांगत होता, आणि आपण तो दाबून धरायला लावला. म्हणजे त्या दिवशी त्याला कळत होतं. महिनाभर तो पडल्या पडल्या ऐकत होता की माडी चुकीची होते आहे, आणि त्याला कुणी थांबवू देत नव्हतं. मग त्याच्या आधी? आषाढात? चैत्रात? ती मागं मागं जात राहिली आणि कुठंच थांबायला जागा मिळेना. तो परत आलेला नव्हता. तो गेलाच नव्हता. पहिल्या दिवसापासून तो त्या कॉटवर होता आणि त्याच्या उशाशी बसून ती बोललेली प्रत्येक गोष्ट त्यानं ऐकली होती.

दुपारी सगळे पांगले. दीपक माडी घेऊन गेला. शकुबाई शेजारी बातमी सांगायला गेली आणि संभाजी गाडी धुवायला विहिरीवर गेला. नागेशला कॉटवर निजवून स्वरूपा त्याच्या पायाशी बसली. उशाशी बसायची तिला हिंमत झाली नाही.

“समदं कळत हुतं तुमाला?” तिनं विचारलं.

उत्तराची वाट न बघता तिनं पुढचं विचारलं.

“मोनाशी बोलले त्ये बी?”

दहा महिन्यांत पहिल्यांदाच नागेशनं प्रश्नाला ‘हां’ म्हटलं नाही. तिच्याकडं बघितलं आणि मान भिंतीकडं वळवली.

मग ती बोलायला लागली. दमले होते म्हणाली. पाठीची जखम बघवत नव्हती, तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, म्हणून तोंडातून गेलं. तुम्ही मरावं असं मनात नव्हतं, तुमचे हाल थांबावेत असं होतं. हे बोलताना तिला स्वतःलाच ऐकू येत होतं की ‘माझंबी सुटलं असतं’ हे ती म्हणाली होती आणि ते खोटं नव्हतं. त्या दुपारी, तेवढ्या घटकेपुरतं, ते खरं होतं. ऐकणाऱ्या नवऱ्यासमोर एवढ्या वर्षांत ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि आता बोलून उपयोग नव्हता. तो रागावून ओरडला असता, डाव्या हातानं ढकललं असतं, तरी तिला बरं वाटलं असतं. त्यानं काहीच केलं नाही.

दसऱ्याला सकाळी दीपकनं माडी चढवली. सहाही पाय फळीवर बरोबर बसले. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, शकुबाईनं हळदीकुंकू लावलं. नागेशला खुर्चीत बसवून बाहेर आणलं तेव्हा त्यानं जाळी बघितली, हूक बघितले, मान तिरपी करून पन्हळीचा उतार बघितला. मग डोळे मिटून घेतले. संभाजीनं त्याच दिवशी खाली टोमॅटो आणि वर कोथिंबीर भरून गाडी यार्डात नेली. एका टोमॅटोला डाग पडला नाही, असा त्याचा फोन आला. स्वरूपानं तो पडवीत न जाता अंगणात उभं राहून घ्यायचा प्रयत्न केला, पण आवाज तुटत होता, मग तिनं बंदच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखं वाटीत तेल कोमट केलं आणि कॉटवर येऊन बसली. उजव्या हाताकडं हात नेला. नागेशनं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं, ओढून पोटाशी घेतलं आणि वर चादर ओढली. तिनं चादरीवर हात ठेवून वाट पाहिली. चादरीखाली त्यानं पकड घट्ट केलेली तिला कळली. आतून शकुबाई विचारत होती, आज बोटं किती उघडली गं? वर्ष भरायला अजून दोन महिने होते. आठ दिवसांपूर्वी असं झालं असतं तर, बघा कसं लेकरागत हट्ट करतंय, असं हसत म्हणून स्वरूपानं तो हात बाहेर ओढून घेतला असता. आता तसं करता येत नव्हतं. का, एवढंच तिला त्याला विचारायचं होतं. पण विचारलेलं त्याला कळलं असतं, म्हणून ती तेलाची वाटी हातात धरून नुसती बसून राहिली.